वनस्पतींचा महजर

नगर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वतनदार घराण्याचे दप्तर सोडून बसले, तर सनदा, ताकीदपत्रे, कबुलायती आणि वसुलाचे ताळेबंद यांच्या चळतीत एखादा महजर बहुधा हाती लागतोच. वाद शेताच्या बांधाचा असो, पाटीलकीच्या मानपानाचा असो किंवा विहिरीच्या पाण्याचा असो, गोतसभा बसे, जाणत्यांना विचारी, ज्याने जे पाहिले असेल ते त्याच्याच तोंडून वदवून घेई आणि अखेरीस हजर असलेल्या सर्वांच्या निशाण्या त्या कागदावर उमटवून घेई. पाटील नांगराची निशाणी करी, सुतार किंकऱ्याची खूण काढी, कुलकर्णी आपल्या हातचे अक्षर सोडी. महजर या शब्दाचे नाते ‘हजर’ या शब्दाशीच आहे. ज्याने पाहिले त्याने सांगावे आणि जे सांगितले त्याला आपल्या नावानिशी बांधून घ्यावे, हा त्या कागदाचा सारा कायदा. अठराव्या शतकातील सचित्र वनस्पतिग्रंथांची पाने मी प्रथम उलटली तेव्हा त्यांतील लॅटिन मजकुराने काहीसा बुजून गेलो होतो. परंतु जसजसा त्या चित्रांच्या जन्माचा वृत्तान्त कळत गेला तसतसे माझ्या मनाने घेतले की, आपल्या मुलखातील माणसाला ही वस्तू समजावून द्यायची तर तिला महजर म्हणावे, दुसरा अधिक चपखल शब्द नाही. प्रस्तुत संग्रहात ज्या जुन्या चित्रांच्या प्रतिकृती दिल्या आहेत ती सर्व नगर जिल्ह्याच्या मातीत वाढणाऱ्या वनस्पतींची आहेत, आणि ती आम्सटरडॅम व लंडन येथील छापखान्यांतून फिरून आपल्याकडे येत आहेत. त्यांच्यावर कोणाकोणाच्या साक्षी आहेत आणि कोणाच्या असावयास हव्या होत्या पण नाहीत, हे सांगणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

अठरावे शतक हे युरोपात अशा ग्रंथांचे सुवर्णयुग मानले जाते. व्यापारी कंपन्यांची गलबते पूर्वेकडून व पश्चिमेकडून नवनवी बियाणी आणि कंद आणीत होती. श्रीमंतांच्या बागांत काचेची उष्णगृहे उभी राहिली होती. आणि १७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडिताने ‘स्पीसीज प्लँटारम’ या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केल्यामुळे, आजवर ज्या झाडाला दहा देशांत दहा नावे होती त्याला विद्वानांच्या दरबारात एक कायमचे नाव मिळू लागले होते. परंतु नाव कोणाचे, याविषयी पुढे तंटा पडू नये म्हणून चित्र हवे. छायाचित्राची कला अद्याप जन्मलेली नव्हती. वाळवलेला नमुना रंग हरवून बसतो आणि किड्यांच्या भक्ष्यस्थानी पडतो. तेव्हा पान कसे, फूल कसे, केसर किती, शेंग कशी फुटते, हे पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा रीतीने सांगण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे ताम्रपटावर कोरलेले आणि हाताने रंगविलेले चित्र.

ताम्रपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजांनी दिलेली दानपत्रे येतात. त्या तांब्यावर अक्षर सरळ कोरलेले असते, कारण तो पत्रा स्वतःच वाचावयाचा असतो; छापण्याच्या ताम्रपटावर मात्र सारे चित्र उलटे कोरावे लागे, म्हणजे चित्रकाराने डावीकडे वळविलेली वेल कोरणाऱ्याने उजवीकडे वळवावयाची, तेव्हा कुठे कागदावर ती पुन्हा मूळ दिशेला येई. टोकदार पोलादी कलमाने कोरलेल्या त्या सूक्ष्म चरांत शाई भरावयाची, वरची शाई पुसून घ्यावयाची, ओलसर कागद त्यावर ठेवून दाबयंत्रातून काढावयाचा आणि तो वाळला की रंगाऱ्यांच्या हाती द्यावयाचा. हे रंगारी एका नमुन्याकडे पाहून शेकडो प्रती एकामागून एक रंगवीत. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीतील पाकळी किंचित गहिरी आणि दुसरीतील फिकी दिसते. प्रत्येक प्रत ही त्या अर्थाने एकुलती एक असते. चित्रकार, कोरणारा आणि रंगारी अशा तीन हातांचे हे काम. हे तिन्ही हात एकाच व्यक्तीचे असल्याचे एक उदाहरण मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईचा नवरा कर्जापायी लंडनच्या तुरुंगात पडला होता; तिने चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेजवळ बिऱ्हाड केले, एकेक वनस्पती समोर ठेवून चित्र काढले, ते स्वतःच तांब्यावर कोरले, स्वतःच रंगविले, आणि १७३७ ते १७३९ या काळात आठवड्याला चार या हिशेबाने पाचशे चित्रांचा औषधी-ग्रंथ प्रसिद्ध करून त्या मिळकतीतून नवऱ्याची सुटका करविली. त्या शतकातील अधिक भपकेदार ग्रंथ पुष्कळ आहेत, परंतु इतक्या निश्चयाने सिद्धीस गेलेला ग्रंथ मला दुसरा ठाऊक नाही.

या ग्रंथांपैकी काही मुळातच दुर्मिळ म्हणून जन्मास आले. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिक्षक, काही काळ त्या देशाचा मुख्य प्रधान, आणि राजकारणातून बाहेर पडल्यावर वनस्पतींच्या अभ्यासात बुडून गेलेला लॉर्ड ब्यूट याने १७८५ च्या सुमारास ब्रिटनमधील वनस्पतींच्या कुळांवर नऊ खंडांचा एक सचित्र ग्रंथ स्वखर्चाने छापविला आणि त्याच्या अवघ्या बारा प्रती काढल्या. एक प्रत राणी शार्लटला गेली, एक रशियाच्या कॅथरीन सम्राज्ञीला, एक फ्रान्समधील ब्यूफाँ या निसर्गपंडिताला, एक सर जोसेफ बँक्स यांना. विक्रीस एकही नव्हती. त्या ग्रंथाचे एखादे पान नगर जिल्ह्यात कोणी पाहिले असेल असे मला वाटत नाही. तरीही ब्यूटचे नाव आपल्या जिल्ह्यात दरवर्षी फाल्गुनात फुलते. कारण ज्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी त्याच्या सन्मानार्थ ‘ब्यूटिआ’ हे नाव दिले, ती आपल्या पळसाची प्रजाती होय.

पळसाचे चित्र या संग्रहात प्रारंभीच घातले आहे. ते विल्यम रॉक्सबर्ग यांच्या ‘कोरोमांडल किनाऱ्यावरील वनस्पती’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील आहे आणि तेथे त्याचे नाव ‘ब्यूटिआ फ्रॉन्डोसा’ असे दिले आहे. आज शास्त्रज्ञ त्याला ‘ब्यूटिआ मोनोस्पर्मा’, म्हणजे एकच बीज असणारा पळस, असे म्हणतात. वाचकाने हे चित्र घाईने उलटून जाऊ नये अशी माझी विनंती आहे. अकोले-संगमनेरकडील डोंगरउतारावर पळस पाहिलेल्या माणसाला प्रथमदर्शनी त्यात काहीतरी चुकल्यासारखे वाटेल, कारण झाड फुलते तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते. नुसत्या काळ्यासावळ्या फांद्यांवर केशरी फुलांचे घोसच्या घोस लागलेले असतात आणि प्रत्येक फुलाची चोच पोपटाच्या चोचीसारखी वर वळलेली असते. चित्रकाराने मात्र फुलांचा तुरा आणि तीन दलांचे पान एकाच कागदावर आणले आहे. ही त्याची चूक नव्हे, ती त्या काळच्या वनस्पतिचित्रांची रीत आहे. फाल्गुनातले फूल, वैशाखातली शेंग आणि श्रावणातले पान यांना एकाच वेळी हजर करावयाचे, जणू वर्षभर वेगवेगळ्या गावी वावरणाऱ्या साक्षीदारांना गोतसभेने एके दिवशी चावडीवर बोलावून घ्यावे. शेंग पाहावी, म्हणजे तिच्या टोकाशीच तेवढे एक बी का असते हे ध्यानात येते आणि ‘मोनोस्पर्मा’ हे नाव पाठ करावे लागत नाही. फुलाच्या बाहेरच्या अंगावरची मखमली लव रेघांनी दाखविणे किती दुर्घट आहे हे ज्याने एकदा पेन्सिल हाती घेतली असेल त्याला सांगावयास नको. आणि पान? पळसाला पाने तीनच, हे आपल्याकडे प्रत्येक आजीला ठाऊक असलेले सत्य लंडनच्या कागदावरही तसेच्या तसे उतरले आहे.

हेच झाड त्याआधी शंभरएक वर्षे एका डच ग्रंथात आले होते आणि तेथे त्याचे नाव ‘प्लासो’ असे छापलेले आहे. हा उच्चार कानावर पडताच मराठी माणसाने थबकावे. तो ग्रंथ म्हणजे ‘हॉर्टस मलबारिकस’, मलबारचे उद्यान. काळाने तो सतराव्या शतकातला आहे. परंतु अठराव्या शतकाची सारी इमारत ज्या पायावर उभी राहिली त्यांपैकी तो एक असल्यामुळे त्याला वगळून हा विषय सांगताच येत नाही. कोचीन येथील डच कंपनीचा सेनापती हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने १६७० नंतरच्या दशकात तेथील झाडाझुडपांची मोठी मोजदाद आरंभिली. १६७८ पासून पुढे पंधराएक वर्षे आम्सटरडॅम येथे बारा मोठे खंड निघाले, त्यांत जवळजवळ आठशे ताम्रपट-चित्रे आहेत, आणि बहुतेक ती दुपानी, म्हणजे उघडलेल्या ग्रंथाच्या दोन्ही पानांवर पसरलेली. ऱ्हीडला आपला ग्रंथ पुरा झालेला पाहावयास मिळाला नाही. १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे जात असता मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच त्याचा अंत झाला. सुरतेच्या डच कबरस्तानातील त्याची समाधी आजही पाहावयास मिळते.

हे सारे ज्ञान ऱ्हीडला कोणी दिले? एक इट्टी अच्युतन नावाचे मलबारी वैद्य, आणि त्यांच्या जोडीला कोचीनमध्ये स्थायिक झालेले तीन कोकणी ब्राह्मण: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोमंतक सोडून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांपैकी ही मंडळी. या तिघांनी १६७५ च्या एप्रिल महिन्यात लिहून दिलेली जबानी पहिल्या खंडाच्या आरंभी छापलेली आहे, आणि ती नागरी अक्षरांत आहे. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण हे काम केले, माणसे पाठवून पाने, फुले, मुळ्या आणविल्या, ‘महानिघंटु’ या आपल्या ग्रंथाच्या आधाराने त्यांचे गुणधर्म सांगितले आणि आपल्या देखत त्यांची चित्रे काढली गेली, अशा आशयाचा तो मजकूर आहे आणि खाली तिघांची नावे आहेत. हा महजर नव्हे तर काय? युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या कागदाची गणना होते. खिळे नव्हते म्हणून ती अक्षरे चित्राप्रमाणेच तांब्यावर कोरली गेली. नागरी न जाणणाऱ्या डच कारागिराने समोरचे प्रत्येक वळण केवळ आकृती म्हणून उलटे उतरविले असले पाहिजे, आणि तरीही ते आज आपल्याला वाचता येते. आरंभीच्या खंडांतील चित्रांवरही लॅटिन, मलयाळी आणि अरबी अक्षरांच्या शेजारी वनस्पतीचे नाव नागरीत दिलेले आहे. ‘प्लासो’मध्ये आपल्याला पळस ऐकू येतो तो उगाच नव्हे.

लिनियस हिंदुस्थानात कधी आला नाही. आपल्या वडाला, रुईला, बहाव्याला त्याने जी नावे दिली ती देताना त्याच्या टेबलावर ऱ्हीडची चित्रे उघडी होती. कित्येक जातींच्या बाबतीत तर त्याच्यापाशी वाळलेले पानही नव्हते, फक्त ते चित्र आणि त्याखालचा मजकूर होता. म्हणजे १७५३ च्या त्या ग्रंथात जे निवाडे झाले त्यांपैकी अनेकांचा पुरावा रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट आणि इट्टी अच्युतन यांच्या साक्षीवर उभा आहे. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात हे मान्य झालेले आहे. आपल्या शाळांतून मात्र लिनियसचे नाव मुलांना सांगितले जाते आणि या चौघांचे सांगितले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वडाचे ‘पेरालु’ हे चित्र ऱ्हीडच्या पहिल्याच खंडात आहे. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा वड ज्याने पाहिला आहे, पारंब्यांचे खांब होऊन त्या खांबांची रानेच्या राने झालेली तेथली सावली ज्याने अनुभविली आहे, त्याला ग्रंथाच्या पानावर मावलेली डहाळी फार लहान वाटेल. पण पानाच्या शिरा, देठ आणि पानांच्या बगलेतील जोडफळे इतकी नेमकी आहेत की, पेमगिरीच्या वडाची कोणतीही फांदी तिच्याशी ताडून पाहावी. कळलावीचे चित्रही मलबारी ग्रंथातलेच घेतले आहे. श्रावणात हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कुंपणावर चढलेली, पानाच्या टोकालाच ताणा फुटलेली आणि ज्वाळेसारख्या पाकळ्या उलट्या वळवून खाली मान घातलेली ही वेल एकदा पाहिली की विसरत नाही.

आता पुन्हा रॉक्सबर्गकडे वळू. हा स्कॉटिश वैद्य इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तेलंगणी किनाऱ्यावर सामलकोट येथे होता; तेथे त्याने देशी चित्रकार पदरी ठेवून वनस्पतींची चित्रे काढवून घेण्यास प्रारंभ केला आणि १७९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक झाल्यावर तो क्रम पुढे चालू ठेवला. त्याने विलायतेस पाठविलेल्या पाचशे चित्रांतून निवडून तीनशे चित्रे जोसेफ बँक्स यांच्या देखरेखीखाली तीन खंडांत छापली गेली. पहिला खंड १७९५ मध्ये सुरू झाला आणि तिसरा पुरा व्हावयास १८२० साल उजाडले. लिहिणाऱ्याचे नाव शीर्षपानावर आहे, प्रकाशन ज्याच्या सूचनेने झाले त्याचे आहे, कंपनीच्या संचालकांचा उल्लेख आहे. चित्र काढणाऱ्याचे नाव कोठेही नाही. ज्या हाताने पळसाच्या पाकळीवरची लव दाखविली तो हात कोणाचा होता, त्याचे गाव कोणते, बापाचे नाव काय, त्याने ही कला कोणापाशी शिकली, यातले एक अक्षरही त्या भव्य ग्रंथात नोंदलेले नाही. गोतसभेत निरक्षर माणसालाही आपल्या हत्याराची खूण उमटविता येत होती. या चित्रकारांना कुंचल्याची निशाणीसुद्धा करू दिली गेली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्याच दशकात पुण्यात उत्तम चित्रकार नव्हता असे नाही. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्यापाशी गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार होता; त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली, आणि सुदैवाने त्याचे नाव त्याच्या चित्रांबरोबर टिकले. शनिवारवाड्यात जेम्स वेल्स या ब्रिटिश चित्रकाराच्या मार्गदर्शनाने चित्रशाळाही निघाली होती. अशा माणसाला कोणी सह्याद्रीतल्या वनस्पती काढावयास बसविले असते तर आपल्या घाटमाथ्याचा ग्रंथ कोरोमांडलच्या बरोबरीने निघाला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तो योग पन्नास वर्षे पुढे गेला. अलेक्झांडर गिब्सन यांच्या कारकिर्दीत पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ नंतर एका चित्रकाराने दीडशेहून अधिक चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात सुरक्षित आहेत. या बागेची एक शाखा जुन्नरकडे हिवरे येथे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर होती. आणि त्या चित्रकाराविषयी माहिती आहे ती इतकीच की, तो पोर्तुगीज वळणाची नावे धारण करणाऱ्या समाजातला होता. नाव पुन्हा नाहीच.

रॉक्सबर्गच्या तिसऱ्या खंडात एक झाड असे आहे की ज्याच्याजवळ मराठी वाचकाने क्षणभर नमस्कारासाठी थांबावे. आपल्या अकोल्याच्या रानात कुंभा नावाचा वृक्ष आहे. पाने मोठी व टोकाशी रुंद, फूल पांढरट आणि केसरांनी भरलेले, फळ हिरव्या चेंडूसारखे. रॉक्सबर्गने त्याच्या प्रजातीला ‘कॅरिया’ असे नाव दिले ते आपल्या मित्राच्या, विल्यम केरीच्या नावावरून. हा तोच केरी, ज्याने श्रीरामपूरच्या छापखान्यातून, म्हणजे बंगालातील सेरामपूर येथून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठीचा कोश प्रसिद्ध केला. आणि त्यानेच रॉक्सबर्गच्या पश्चात त्याची ‘फ्लोरा इंडिका’ छापून काढली. आपल्या भाषेच्या शब्दांची आणि आपल्या देशाच्या झाडांची मोजदाद एकाच छापखान्यात, एकाच माणसाच्या हातून व्हावी, आणि त्याचे नाव आपल्या आदिवासी बांधवांच्या रानातल्या कुंभ्याला चिकटून राहावे, हा योगायोग मला फार प्रिय आहे.

असे ग्रंथ विकत घेऊन, वाचून, त्यांच्या बरोबरीने स्वतः चित्रे काढवून घेणारा मराठी माणूस त्या काळात कोणी होता का, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर तंजावरात सापडते. १७९८ मध्ये गादीवर आलेले दुसरे सरफोजी राजे हे राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर खचून न जाता सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संवर्धनाला लागले. त्यांनी हजारो युरोपीय ग्रंथ मागविले आणि त्यांवर स्वतःच्या हाताने सह्या केल्या. धन्वंतरी महालात त्यांनी वैद्यकाचे संशोधन चालविले, औषधी वनस्पतींची व पशुपक्ष्यांची रंगीत चित्रे आपल्या दरबारच्या चित्रकारांकडून करवून घेतली आणि नागरी खिळ्यांचा छापखानाही घातला. या राजाचे आणि नगरचे नाते त्याच्या नावातच आहे. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केल्यावर मुले झाली म्हणून मालोजीराजे भोसल्यांनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे बखरकार सांगतात; शरीफजी नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत पडले, आणि त्यांचे नाव वंशात फिरत फिरत कावेरीकाठी जाऊन सरफोजी झाले. ज्या दर्ग्यापासून ते नाव निघाले तो आपल्या शहरात आजही आहे.

‘दुर्मिळ’ हा शब्द मी वर वापरला. या दुर्मिळतेच्या कारणांविषयी थोडे सांगितले पाहिजे. हे ग्रंथ वर्गणीदारांच्या भरवशावर निघत, प्रती थोड्या, किंमत मोठी. कागद उत्तम चिंध्यांचा असल्यामुळे तो तीनशे वर्षे सहज टिकतो, परंतु हिरव्या रंगासाठी वापरलेला जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, काही ठिकाणी कागदाला आतून खात जातो, इतका की पान उजेडात धरले तर झाडाच्या पानाच्या जागी तपकिरी जाळी दिसते. कसर, वाळवी आणि दमट हवा यांचे काम निराळे. पण कसरीपेक्षा अधिक ग्रंथ माणसाच्या कात्रीने मेले आहेत. एका मोठ्या शहरातील जुन्या वस्तूंच्या दुकानात मी काचेच्या चौकटीत बसविलेले असे एक पान पाहिले होते. कडेला शिवणीची भोके स्पष्ट दिसत होती, मागच्या बाजूचा मजकूर खळीने पुठ्ठ्याला चिकटवून टाकलेला होता, आणि मी ग्रंथाचे नाव विचारले तेव्हा दुकानदाराला त्याचा पत्ता नव्हता. सबंध ग्रंथापेक्षा सुटी पाने विकून अधिक पैसे येतात म्हणून हे होते. मला त्या पानाकडे फार वेळ पाहवले नाही. साक्ष ठेवून साक्षीदाराचे नाव कापून टाकलेला तो कागद होता.

आता त्यांतील बहुतेक ग्रंथ जगातील ग्रंथालयांनी आंतरजालावर मोफत खुले केले आहेत. कोरोमांडलच्या तिन्ही खंडांचे पान नि पान ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संग्रहात पाहता येते. हॉर्टस मलबारिकसचे इंग्रजी भाषांतर के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे खर्ची घालून सिद्ध केले आणि केरळ विद्यापीठाने ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले, पुढे मलयाळीतही आणले. मराठीत अद्याप ते नाही. मराठीत ते यावे, निदान रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट यांची जबानी आणि आपल्या मुलखात आढळणाऱ्या वनस्पतींचे भाग तरी यावेत, ही मागणी मी येथे सर्व विद्यापीठांपुढे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठापुढे विशेषत्वाने ठेवतो. ज्या जिल्ह्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि देशाने त्यांचा पद्मश्री देऊन गौरव केला, त्या जिल्ह्यात या कामाला माणसे मिळणार नाहीत असे मला वाटत नाही.

संग्रह वापरण्याविषयी एक शेवटची सूचना. प्रत्येक चित्रासमोरचे पान हेतुतः कोरे सोडले आहे. वाचकाने पुस्तक घेऊन झाडाजवळ जावे, पळसाला फाल्गुनात आणि कळलावीला श्रावणात. चित्राशी फांदी ताडून पाहावी. जे जुळले ते, आणि जे जुळले नाही तेही, पेन्सिलीने त्या कोऱ्या पानावर लिहावे. घरातले वडीलधारे त्या झाडाचा काय उपयोग करीत होते आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारीत होते ते त्यांना विचारून नोंदवावे. मुलांना जमेल तसे चित्र काढू द्यावे. आणि त्याखाली गावाचे नाव, तिथी, आणि सांगणाऱ्याचे, काढणाऱ्याचे व लिहिणाऱ्याचे पुरे नाव घालण्यास विसरू नये.